समोरचा आणि सोबतचा

तिसऱ्या म्हैसूर युद्धावरील एका इंग्रजी लेखाचे मराठी भाषांतर गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे तपासायला आले होते. भाषांतर करणारी मुलगी जेमतेम पंचविशीची, पण तिचे मराठी स्वच्छ आणि वाक्ये बेताची होती, त्यामुळे माझ्या हातातल्या पेन्सिलीला फारसे काम नव्हते. चहाचा कप बाजूला ठेवून मी पाने उलटत होते आणि एका साध्या वाक्यापाशी अडखळले. "१७९२ साली श्रीरंगपट्टणला मराठे इंग्रजांशी लढले," असे तिने लिहिले होते. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात काहीच खोट नव्हती. मात्र त्या वेढ्यात हरिपंत फडक्यांची फौज लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या जोडीला होती आणि दोघांचाही शत्रू तटाच्या आत बसलेला टिपू सुलतान होता. मूळ लेख काढून पाहिला, तर तिथे 'फॉट विथ द ब्रिटिश' असे शब्द होते. मी तिला फोन केला. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "ताई, पण 'फाइट विथ' म्हणजे '-शी लढणे' असंच शब्दकोशात दिलंय. मी मुद्दाम बघितलं होतं." तिचे म्हणणे खरे होते. शब्दकोश बरोबर होता आणि मूळ लेखकही खोटे सांगत नव्हता.

'इंग्रजांच्या बाजूने' अशी दुरुस्ती चटकन झाली. 'विथ' मात्र डोक्यातून जाईना.

त्याच इंग्रजी वाक्यातले साल बदलून १८०३ करावे आणि श्रीरंगपट्टणच्या जागी असई लिहावे, की तेच शब्द नेमके उलटे सांगू लागतात. आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा आर्थर वेलस्लीच्या समोर उभ्या ठाकल्या होत्या, आणि तिथेही मराठे 'विथ द ब्रिटिश' लढले असेच इंग्रजीत म्हणता येते. (आदल्या वर्षाच्या अखेरीस वसईचा तह करून दुसरा बाजीराव इंग्रजांच्या आश्रयाला गेलेला होता, त्यामुळे त्या वर्षी मराठे इंग्रजांच्या समोर होते की सोबत, याचे उत्तर कोणत्या मराठ्याला विचारता यावर अवलंबून होते, ही गोष्ट निराळी.) मराठीने या बाबतीत फार मान वर करण्याचे कारण नाही. 'पाकिस्तानबरोबरचा सामना' असे वर्तमानपत्रात छापले जाते तेव्हा पाकिस्तान आपल्या संघात खेळतो आहे असे कोणी समजत नाही. वैर, मैत्री, लग्न, भांडण, बोलणे, अबोला हे सगळे आपण एकाच '-शी'वर सोपवून मोकळे होतो. तरीही 'विथ'चे प्रकरण याहून खोल आहे, कारण त्याने आपली बाजूच बदलली, आणि ती कशी बदलली याचा माग हस्तलिखितांमधून काढता येतो.

श्रीरंगपट्टणच्याच युद्धातला एक आधीचा प्रसंग मला या निमित्ताने आठवला. १७९१च्या मे महिन्याच्या अखेरीस कॉर्नवॉलिस टिपूच्या राजधानीच्या दारातून हात हलवत परत फिरला होता. पाऊस सुरू झालेला, तोफा ओढणारे बैल रोगाने आणि उपासाने मरून पडत होते, धान्य संपत आले होते आणि वेढ्याच्या जड तोफा शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून इंग्रजांनी त्या आपल्याच हाताने निकामी केल्या होत्या. परतीच्या वाटेवर त्यांना दूरवर घोडदळ दिसले. हे टिपूचेच स्वार, असे समजून ती थकलेली फौज पुन्हा लढाईच्या पवित्र्यात उभी राहिली. तेवढ्यात एक स्वार एकटाच पुढे आला आणि आम्ही मराठे आहोत, असे ओरडून सांगू लागला. हरिपंत आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजेची ती आघाडी होती. मार्क विल्क्स या इंग्रज इतिहासकाराने मराठ्यांच्या छावणीतल्या बाजाराचे रसाळ वर्णन करून ठेवले आहे. विलायती बनात आणि बर्मिंगहॅमचा चाकू, काश्मिरी शाल आणि कोणाचे तरी वापरलेले कपडे, पाणीदार हिरे आणि एखाद्या खेड्यातल्या गरीब पोरीच्या कानातून ओरबाडून आणलेला चांदीचा दागिना, बैल, मेंढ्या, कोंबड्या आणि थेट कोकणातली सुकी खारी मासळी, असे सगळे तिथे मांडलेले होते. उपाशी इंग्रज फौजेला धान्य मिळाले, पण ते चढ्या भावाने. दोस्ती दोस्तीच्या जागी आणि भाव भावाच्या जागी. समोरून येणारा परका, त्याच्याशी लढण्याची तयारी, मग त्याच्याशी बोलणे, त्याच्याशी सौदा आणि शेवटी त्याच्या सोबतीने कूच, हे सगळे एका मुक्कामात उरकले. 'विथ'ला हाच प्रवास करायला काही शतके लागली.

हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'सोबत' म्हणायला 'विथ' वापरण्याची रीत नव्हती. ते काम 'मिड' या शब्दाकडे होते. जर्मनमधला 'मिट', डचमधला 'मेट' आणि स्वीडिशमधला 'मेड' हे त्याचे सख्खे भाऊ आजही आपापल्या घरी सुखाने नांदत आहेत. 'विथ' तेव्हाही होता, पण त्याचे अर्थ वेगळे होते: विरुद्ध, समोर, च्या दिशेने, च्या लगत, च्या बदल्यात. जर्मनमध्ये 'विरुद्ध' या अर्थी 'विडर' हा शब्द आहे, तो त्याच कुळातला. एवढी माहिती कोणत्याही व्युत्पत्तिकोशात दोन ओळींत मिळते. कोशातली व्युत्पत्ती वाचून मात्र मला नेहमी अर्धवट जेवल्यासारखे वाटते, म्हणून मी मूळ ओळी शोधत गेले.

पहिली ओळ मिळाली ती मॉल्डनच्या लढाईची. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर एसेक्समध्ये ब्लॅकवॉटर नावाच्या नदीच्या मुखाशी ९९१ साली व्हायकिंगांची, म्हणजे उत्तरेकडून आलेल्या समुद्री लुटारूंची, टोळी उतरली आणि बिर्थनॉथ हा तिथला वयोवृद्ध सरदार सैन्य घेऊन काठावर आला. मध्ये भरतीचे पाणी होते. त्या पाण्यापलीकडून व्हायकिंगांचा दूत ओरडून निरोप सांगतो आणि तो निरोप जुन्या इंग्रजी कवितेत जसाच्या तसा आला आहे. भाल्यांचा हा हल्ला तुम्ही खंडणी देऊन टाळावा हे तुमच्याच भल्याचे, असे तो म्हणतो, आणि 'खंडणी देऊन' या ठिकाणी 'मिड गाफोले' असे शब्द आहेत. तिथून तीन-चार ओळींवर तो सांगतो, की त्या सोन्याच्या बदल्यात आम्ही तह पक्का करू, आणि इथे 'विथ थाम गोल्डे' असे शब्द येतात. एकाच माणसाच्या तोंडी, एकाच दमात, 'मिड' आणि 'विथ' दोन्ही. खंडणी हे साधन आहे, ते हातात आहे, म्हणून तिथे 'मिड'. सोने तराजूच्या एका पारड्यात आहे आणि तह दुसऱ्या, म्हणून तिथे 'विथ'. बिर्थनॉथने खंडणीऐवजी भाले देण्याची भाषा केली आणि पाणी ओसरल्यावर शत्रूला अलीकडे येऊ देण्याचा उमदेपणाही दाखवला. त्यात तो स्वतः पडला. त्याच वर्षी इंग्लंडने व्हायकिंगांना दहा हजार पौंड खंडणी मोजली.

या कवितेचे एकमेव हस्तलिखित लंडनच्या कॉटन ग्रंथसंग्रहात होते. २३ ऑक्टोबर १७३१ रोजी तो संग्रह ठेवलेल्या ॲशबर्नहॅम हाउस या इमारतीला आग लागली आणि ते जळून गेले. आधी कोणीतरी त्याची नक्कल करून ठेवली होती म्हणून कविता आज वाचता येते. 'बेवुल्फ' या महाकाव्याची एकमेव पोथीही त्याच संग्रहात होती. ती वाचली, पण कडा होरपळल्या. त्या पोथीत माझ्या दृष्टीने सर्वांत बोलकी ओळ आहे. तरुण बेवुल्फ डेन्मार्कच्या राजासमोर उभा राहून सांगतो, की आता ग्रेंडेलशी, त्या भयंकराशी, त्या राक्षसाशी मी एकटाच काय तो निवाडा करीन. तिन्ही 'शी'च्या जागी मूळ काव्यात 'विथ' आहे. ज्याला मी निवाडा म्हटले, तो मूळ शब्द 'थिंग' आहे. त्या काळी 'थिंग' म्हणजे सभा, पंचायत, जिथे वादी-प्रतिवादी समोरासमोर उभे राहून खटला चालवीत ती जागा. आइसलंडची संसद आजही 'अल्थिंग' याच नावाने ओळखली जाते. राक्षसाच्या विरुद्ध लढायचे आहे, पण कवी ते राक्षसासोबत सभा भरवण्याच्या भाषेत सांगतो. अशा ओळीत 'विथ'चा अर्थ 'विरुद्ध' लावा की 'सोबत', दोन्ही लागू पडतात, आणि ऐकणाऱ्याच्या कानात दोन्ही एकदमच शिरत असणार. शब्दाचा अर्थ घसरतो तो असल्याच ओलसर जागी.

पण खरा खजिना मला सापडला तो एका वैद्यकाच्या पोथीत.

दहाव्या शतकाच्या मध्याला लिहिलेली ही पोथी 'बाल्ड्स लीचबुक' म्हणून ओळखली जाते. 'लीच' म्हणजे तेव्हाचा वैद्य. तिच्या पानाचे छायाचित्र मी पडद्यावर मोठे करून पाहिले आहे. तपकिरी शाई, भरगच्च ओळी, आणि जिकडे तिकडे 'विथ'. आजच्या इंग्रजी वाचकाला तो शब्द वाचता येणार नाही, कारण त्यातले पहिले अक्षर 'विन' आणि शेवटचे 'थॉर्न', दोन्ही इंग्रजी वर्णमालेतून कधीच हद्दपार झाली. दोन्ही दिसायला इंग्रजी 'पी'सारखीच, एकाचे पोट टोकदार, तर दुसऱ्याची दांडी पोटाच्या वरही निघालेली. मधला 'आय' तेवढा ओळखीचा. डोकेदुखीवर, दातदुखीवर, डोळ्यांच्या विकारांवर जे जे उपाय दिले आहेत ते बहुधा 'विथ'नेच सुरू होतात. म्हणजे डोकेदुखीच्या 'विरुद्ध', दातदुखीच्या 'विरुद्ध'. आपण अशा ठिकाणी '-वर' म्हणतो. रांजणवाडीवर लवंग उगाळून लाव, असे माझी आजी म्हणायची, आणि ती गार, झोंबरी लवंग पापणीला लागताच डोळ्यांतून जे पाणी येई ते मला अजून आठवते.

त्या पोथीत रांजणवाडीचाही उपाय आहे. निदान 'वेन' म्हणजे पापणीवरची गाठ, ती रांजणवाडीच असावी असे अभ्यासक मानतात. मला तो उपाय जवळजवळ तोंडपाठ झाला आहे. 'विथ वेन' म्हणजे गाठीच्या विरुद्ध डोळ्यांचे मलम करावे: लसूण आणि कांद्याच्या कुळातली आणखी एक वनस्पती सारख्या प्रमाणात घेऊन चांगली कुटावी. द्राक्षाची वाइन आणि बैलाचे पित्त सारख्या प्रमाणात घेऊन त्या कुटलेल्या गोळ्यात मिसळावे. पितळी किंवा काशाच्या भांड्यात नऊ रात्री ठेवावे, कापडातून पिळून गाळावे, शिंगात भरून ठेवावे आणि रात्री पिसाने डोळ्याला लावावे. शेवटी लिहिणाऱ्याने शेरा मारला आहे: सर्वोत्तम औषध. आता यातली शब्दयोगी अव्यये पाहावीत. गाठीच्या 'विरुद्ध', तिथे 'विथ'. लसणीच्या गोळ्यात 'मिसळावे', तिथेही 'विथ'. आणि 'पिसाने' लावावे, तिथे 'मिड'. सगळा इतिहास एका पाककृतीएवढ्या जागेत मावला आहे. रोगाच्या विरोधात उभा असलेला 'विथ' दोन वाक्यांवर जाऊन कांदा-लसणीत पित्त कालवतो आहे. मिसळताना एक पदार्थ दुसऱ्यावर ओतला जातो, त्याच्या दिशेने जातो, त्याला भिडतो. भिडल्यावर तो वेगळा राहत नाही, त्याच्यासोबतच होतो. पिसाची गोष्ट निराळी. पीस मलमाच्या समोर उभे नाही, ते लावणाऱ्याच्या हातात आहे, म्हणून तिथे अजून जुना 'मिड' टिकून आहे. पुढच्या तीन-चार शतकांत ती शेवटची जागाही 'विथ'ने बळकावली आणि आज पिसानेच काय, चमच्याने खायचे असले तरी इंग्रजीत 'विथ अ स्पून'च म्हणावे लागते.

या मलमाची एक अलीकडची हकीकतही आहे. नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या जुन्या इंग्रजीच्या आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या अभ्यासकांनी मिळून ते पोथीबरहुकूम तयार केले, आणि नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंवर ते प्रयोगशाळेत प्रभावी ठरल्याचे २०१५ साली जाहीर केले. सुटा कोणताही घटक त्या तोडीचा ठरला नाही, सगळे एकत्र आले तेव्हाच परिणाम दिसला. त्या पानावरच्या दोन्ही 'विथ'ना यापेक्षा मोठी दाद कोण देणार?

शत्रूचा मित्र झाला, अशा थाटात ही गोष्ट सांगण्याची हल्ली फॅशन आहे. मला ती मांडणी फारशी पटत नाही. 'विथ'च्या जुन्या अर्थांत वैर हा एकच धागा नव्हता. त्याच्या मुळाशी समोर असणे होते. समोर असलेल्या माणसाशीच आपण लढतो, त्याच्याशीच बोलतो, त्याच्याशीच सौदा करतो. संस्कृतातला 'प्रति' याच स्वभावाचा आहे आणि तो आपल्या रोजच्या वापरात आहे: प्रतिकारात तो विरोधी, प्रतिदानात बदल्याचा, आणि 'समाजाप्रती'मध्ये नुसत्या दिशेचा. फारसीतून आपल्याकडे आलेल्या 'बरोबर'ची फोड छातीला छाती अशी करतात. फारसीत 'दर बराबर' म्हणजे समोर, मुकाबल्यात. मराठीत येऊन तोच शब्द सोबत चालू लागला आणि शिवाय गणिताच्या उत्तराखाली मास्तरांची खूण होऊन बसला.

'मिड' का हरला, हे कोडे मात्र मला अजून छळते. त्याची काही चूक नव्हती, तो सुटसुटीत होता, शेजारच्या सगळ्या भाषांत त्याचे भाऊ जिवंत होते. पूर्व आणि उत्तर इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेत 'विथ'चा जुळा भाऊ 'विध' होता. तो 'विरुद्ध' आणि 'सोबत' दोन्हीकडे राजरोस वावरत असे, आणि आजच्या आइसलँडिकमध्येही बोलणे आणि लढणे ही दोन्ही कामे तोच करतो. 'दे', 'देम', 'देअर' ही सर्वनामेसुद्धा ज्या शेजाऱ्यांकडून इंग्रजीने उचलली, त्यांच्या सहवासात 'विथ'चे पारडे जड झाले असावे असे पुष्कळ अभ्यासकांना वाटते. शिवाय 'मिड'ला 'मधला' या अर्थाच्या दुसऱ्या 'मिड'ची गर्दी होतीच. चौदाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तो जवळजवळ नाहीसा झाला आणि 'विरुद्ध' या रिकाम्या झालेल्या जागेवर 'अगेन्स्ट' येऊन बसला. 'मिड'चा एकच अवशेष रोजच्या भाषेत उरला आहे, तो 'मिडवाइफ' या शब्दात. 'वाइफ'चा जुना अर्थ बायको नव्हे, नुसती बाई. 'मिडवाइफ' म्हणजे बाळंतिणीच्या सोबत असलेली बाई. इंग्रजांनाही हे सांगावे लागते, कारण बहुतेकांना त्यात 'मध्य' दिसतो. आमच्या गावातली सुईण घरात शिरली की आधी सगळ्या पुरुषांना अंगणात पिटाळायची आणि मग सबंध रात्र त्या एका खोलीतून बाहेर यायची नाही. तिला कोणी इंग्रजी नाव सांगितले असते, तर तिने ते कामाच्या वर्णनासारखे ऐकून घेतले असते.

'विथ'चा जुना स्वभाव त्याने पूर्वी केलेल्या जोडशब्दांत मात्र तसाच गोठून राहिला आहे. 'विदस्टँड' म्हणजे विरोधात उभे राहणे, टिकाव धरणे. 'विथहोल्ड' म्हणजे अडवून धरणे, 'विथड्रॉ' म्हणजे मागे खेचून घेणे. यातल्या एकातही सोबतीचा लवलेश नाही. आपल्या राज्यघटनेच्या इंग्रजी मजकुरात जागोजागी येणारा 'नॉटविदस्टँडिंग' हा शब्द वकिलांच्या तोंडी तर श्वासासारखा असतो. या संविधानात काहीही असले तरी, म्हणजे बाकीच्या तरतुदी आडव्या उभ्या राहणार नाहीत, असे तो सांगतो. दिल्ली-मुंबईच्या न्यायालयांत दररोज कोणीतरी बिर्थनॉथच्या काळातला 'विथ' उच्चारत असते आणि त्याचा कोणाला पत्ता नसतो. 'पार्ट विथ' आणि 'ब्रेक विथ' हे त्याहून गमतीचे. ताटातूट व्हायची आहे ती 'विथ'नेच.

शाळेत आम्हाला हा शब्द फारच सोज्ज्वळ करून शिकवला गेला. कर्मणी प्रयोगात मारणाऱ्याला 'बाय' आणि हत्याराला 'विथ', एवढ्यावर आमच्या तालुक्याच्या गावातल्या वर्गाने वाघ, शिकारी आणि बंदूक घेऊन अख्खा तास काढल्याचे आठवते. फळ्यावरच्या खडूची पांढरी भुकटी सरांच्या काळ्या कोटावर पडलेली असे आणि चुकणाऱ्याला बाकावर उभे राहावे लागे. पुढे शेक्सपिअरच्या 'विंटर्स टेल'मध्ये एका सरदाराला अस्वलाने फाडून खाल्ल्याची बातमी 'टोर्न टु पीसेस विथ अ बेअर' या शब्दांत वाचली, तेव्हा मला पहिल्यांदा आमचे सर आठवले. कोणीतरी अस्वल हातात धरून त्या बिचाऱ्याला बडवले, असाच अर्थ आमच्या वर्गाने लावला असता आणि शेक्सपिअर बाकावर उभा राहिला असता. त्याच्या काळी कर्त्यासाठीही 'विथ' चालत असे. 'विदाउट'चा अर्थही तेव्हा 'वाचून' इतकाच नव्हता, तो 'बाहेर' असाही होता. 'मॅकबेथ'मध्ये मारेकऱ्याच्या तोंडावर बँकोचे रक्त पाहून राजा त्याला सांगतो, की ते त्याच्या आत असण्यापेक्षा तुझ्या बाहेर असलेले बरे. 'विदाउट' आणि 'विदिन' या दोन शब्दांत त्याने खुनाची पावती फाडली आहे.

या शब्दाच्या मागे आणखी मागे गेले, तर वाट आपल्या अंगणात येते, हे मला अगदी अखेरीस कळले आणि त्याचा आनंद मात्र थोडा बालिश झाला. भाषाशास्त्रज्ञ 'विथ'चे मूळ 'अधिक दूर, अधिक वेगळे' अशा अर्थाच्या एका प्राचीन रूपाकडे नेतात, आणि त्याचेच संस्कृतातले भावंड म्हणजे 'वितरम्'. वियोगातला आणि विभागणीतला 'वि' हा त्याच घरचा. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात वृत्राला मारायला निघालेला इंद्र विष्णूला म्हणतो, 'सखे विष्णो वितरं वि क्रमस्व', मित्रा विष्णू, अधिक लांब पाऊल टाक. शेजारी मित्र आहे, पुढ्यात शत्रू आहे, आणि दोहोंच्या मध्ये 'वितरम्' आहे. त्या ऋषीला पुढे हजारो मैलांवर या शब्दाच्या भावकीचे काय होणार आहे याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. तरी ती ओळ वाचताना मला दर वेळी वाटते, की इतकी चपखल मांडणी कोणी ठरवून केली असती तर ती खोटी वाटली असती.

आता माझ्या जुन्या कचेरीतली एक गोष्ट सांगते. तिथे रजेचे अर्ज इंग्रजीत द्यावे लागत, आणि पावसाळ्यात त्यांतले निम्मे अर्ज 'आय ॲम डाउन विथ फीव्हर' या एका साच्यातले असत. लीचबुकमध्ये तापाचेही प्रकरण आहे. इंग्लंडच्या दलदलीत वसंतात उद्भवणाऱ्या हिवतापासारख्या दुखण्याला 'लेंक्टेन-आडल' म्हणत आणि त्याच्या उपायांवरही 'विथ' हाच शब्द आहे. तिथे तो वैद्याच्या बाजूने तापाशी झुंजतो. आमच्या अर्जांत तो तापाच्या बाजूला जाऊन रोग्याला अंथरुणावर पाडण्याच्या कामी लागला होता. साहेबांच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. ते अर्जाच्या डाव्या कोपऱ्यात हिरव्या शाईने शेरा मारत, आणि अर्जदाराचा सगळा जीव ताप उतरल्यानंतरही तिथे 'विथ पे' आहे की 'विदाउट पे', एवढ्यात अडकलेला असे.